गच्चीवरच्या टाकीवर चढायला शिडी कुठली घ्यावी, अ‍ॅल्युमिनियमची फोल्डिंग की लोखंडी फिक्स?

तुमची टाकी गच्चीपासून १० फूट वर आहे आणि कमिटीत वाद चाललाय असं तुम्ही लिहिलंय. कोथरूडला आमच्या सोसायटीत मी दोन टर्म सेक्रेटरी होतो, सेम वाद झालाय, त्यामुळे सांगतो, फिक्सच बसवा.

आधी हे बघा की वर चढणार कोण. प्लंबर आणि टाकी धुणारी पोरं, हातात बादली, पाय ओले. फोल्डिंग शिडी टेकवायची तर दर ४ फूट उंचीला पाया १ फूट बाहेर हवा, आणि शिडी टेकते त्याच्या वर ३ फूट तरी निघायला हवी, नाहीतर वर पोचल्यावर धरायला काहीच नसतं. हे सगळं दर वेळी कोण बघणार? वॉचमन? तो खाली धरतो म्हणतो आणि फोन आला की सोडतो.

आता फिक्समध्येही गंमत आहे. आमची पहिली शिडी स्वस्तात केली, दांडे म्हणून नुसती सळई वेल्ड केलेली, दोन पावसाळ्यांत वेल्डिंगपाशीच गंज धरला आणि एकदा प्लंबरचा पाय सटकला, नशीब तो खालून दुसऱ्याच दांड्यावर होता. मग जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची केली. दांडे एकेक फुटावर, भिंतीपासून ७ इंच सुटलेली म्हणजे पाऊल नीट बसतं, आणि दोन्ही बाजूचे पाइप टाकीच्या स्लॅबच्या वर साडेतीन फूट नेलेत, धरून उतरायला. फॅब्रिकेटर हे वरचं टाळायला बघतो, मटेरियल वाचतं ना. अँकर, म्हणजे शिडी धरून ठेवणारे बोल्ट, कॉलममध्ये मारायला सांगा, टाकीच्या भिंतीला भोकं पाडलीत तर पुढचा खर्च वॉटरप्रूफिंगचा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शिडी गच्चीच्या आतल्या बाजूला बसवा. आमची जुनी पॅरापेटला लागून होती, म्हणजे घसरला तर १० फूट नाही, थेट पार्किंगमध्ये! तुमच्याकडे जागाच नसेल तर मग उंची कमी असली तरी पाठीमागे पिंजरा करून घ्या, आणि सेफ्टी बेल्ट अडकवायला वर एक मजबूत हूक. खालच्या दांड्यांवर कुलूप लावता येईल अशी पत्र्याची फळी लावा, सुट्टीत पोरं वर जातात.

जिन्यातले दिवे बदलायला घोडा, म्हणजे स्वतःच्या पायांवर उभी राहणारी शिडी, वेगळा घ्या, ६ फुटी पुरतो, वरच्या दोन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही. आणि मीटर रूममध्ये किंवा रस्त्याकडच्या तारांजवळ अ‍ॅल्युमिनियम अजिबात नेऊ नका, तिथे फायबरचीच, आणि तीसुद्धा कोरडी. पुण्यात रविवार पेठेत हार्डवेअरच्या दुकानांत फिरलात तर घोडा आणि फायबरची शिडी दोन्ही मिळतील, पण घेताना वजनाचं स्टिकर वाचा, त्यात माणूस अधिक हातातलं सामान धरायचं असतं.