पंगत आणि ओर्मिगेओ

प्रिय चिऊ,

तुझा निरोप काल रात्री ऐकला. सत्यनारायणाच्या पंगतीत पाय बधिर झाला, तू "मला ओर्मिगेओ होतंय" म्हणालीस आणि आजी म्हणाली, "मुंग्या आल्या होय!" म्हणून तुझे दोन प्रश्न: आजीला स्पॅनिश येतं का, आणि आपलं जेवून झालं तरी पंगतीतून उठू का देत नाहीत?

आजीला स्पॅनिश येत नाही गं. पण स्पॅनिशमध्ये ओर्मिगा म्हणजे मुंगी, हे तुला माहीतच आहे, आणि ओर्मिगेओ त्यावरूनच आलंय. इथे स्पेनमध्ये सारागोसातल्या तुझ्या बाईंना आणि सांगलीतल्या आजीला पायात मुंग्याच चालताना वाटल्या, एवढंच. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला एक नस हाडाला अगदी चिकटून खाली जाते. मांडी घालून बसलं की ती दाबली जाते. पाय मोकळा केला की ती शुद्धीवर येताना मेंदूला वेडेवाकडे निरोप धाडते, त्या मुंग्या. तेव्हा लगेच उभी राहू नकोस, बधिर पाय मुरगळतो. आधी बोटं हलव, घोटा फिरव, मग ऊठ. आणि पाटावर बस, नुसत्या फरशीवर नको.

आता पंगत. पानात डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये वरणभाताची मूद आणि तिच्यावर तूप, हे तू पाहिलंसच. सगळ्यांना वाढून होईपर्यंत सुरुवात करायची नाही आणि शेजारचा जेवत असताना उठायचं नाही. कारण साधं आहे. तू उठलीस की कवळी काढून ठेवलेले, सावकाश चावणारे आजोबा संकोचतात, घाईघाईने उरकतात नाहीतर अर्धपोटी उठतात. यजमान "सावकाश होऊ द्या" म्हणतात ते त्यांच्यासाठीच. आपल्या इथे स्पेनमध्ये जेवण झाल्यावरही टेबलाशी तासभर गप्पा चालतात, त्या सोब्रेमेसाला तू कंटाळतेसच की. पंगतीत तेवढं तरी नसतं! शेवटचा माणूस ताकभात संपवतो आणि सगळे हात धुवायला पळतात, कारण दुसरी पंगत खोळंबलेली असते.

पण खरं सांगू? ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना खुर्ची-टेबल मांडून द्यावं. "आमच्यात असंच असतं" म्हणून कुणाला जमिनीवर बसवणं मला पटत नाही. मुलांच्या बाबतीतही तेच.

आज मांड्या दुखत असतील तर ते ओर्मिगेओ नाही, आगुखेतास. फुटबॉलच्या सरावानंतर होतं तेच. आगुखा म्हणजे सुई, म्हणून सुया टोचल्यासारखं. आजीला सांगशील तर ती म्हणेल "अंग आंबलंय." सवय नसलेल्या स्नायूंना ताण पडला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतं, मग आपोआप थांबतं. इथले जुने लोक त्यावर साखरेचं पाणी देतात. त्याने काही होत नाही, पण आजीने दिलं तर पी. (मेक्सिकोत मात्र आगुखेतास म्हणजे बुटाच्या नाड्या. तिथे "मला आगुखेतास झालेत" म्हणालीस तर लोक तुझ्या पायांकडे बघतील.)

पुढच्या शुक्रवारी सवाष्ण जेवायला येणार आहे ना? आजीकडे वाढायचं काम माग. मीठ, लिंबू आणि पाणी तुला सहज जमेल. वाढणाऱ्याला मांडी घालावी लागत नाही, आणि पुरणपोळीचं ताट स्वयंपाकघरात कुठे ठेवलंय हे त्याला सगळ्यांच्या आधी कळतं.

तुझी,
आई