मी फार मनाला लावून घेते का?

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी मराठी माणसं वर्णभेदाची तक्रार घेऊन येत नाहीत. झोप लागत नाही, पित्त उसळतं, मान आखडली आहे, बीपी वाढलंय आणि डॉक्टर म्हणतात स्ट्रेस कमी करा, अशी सुरुवात होते. खरं कारण बाहेर यायला काही भेटी जाव्या लागतात. तेही येतं ते प्रश्न बनून: "मी फारच मनाला लावून घेते का हो?"

अनघाचा प्रश्नही हाच होता. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, तिच्या संमतीनं लिहिते आहे.) ती मूळची सांगलीकडची, चाळिशीच्या आतली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकी शहरात एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर आहे. बीपी १५०/९६. घरात कुणाला हा त्रास नाही. मीठ कमी केलं, रोज चालायला लागली, शेवटी गोळी सुरू झाली, तरी आकडा म्हणावा तसा उतरेना.

मोठं असं काही घडलेलं नव्हतं, हे ती पुन्हा पुन्हा सांगायची. मीटिंगमध्ये तिनं मांडलेला मुद्दा थोड्या वेळानं दुसरा कुणी मांडतो आणि तेव्हा सगळे माना डोलावतात. सुपरवायझर तिचं नाव घ्यायचं टाळतो. शाळेत डब्यातल्या थालीपिठाकडे बघून मुलांनी नाक दाबलं, तेव्हापासून मुलगा रोज सँडविचच मागतो. एकदा एका दुकानात गार्ड तिच्या मागे मागे फिरला.

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. मी आता दुकानात जॅकेटच्या खिशात हात घालत नाही. पर्सची चेन उघडत नाही. पावती गाडीत बसेपर्यंत हातात धरते, दिसेल अशी. आणि यादी घरूनच पाठ करून जाते, म्हणजे रेंगाळायला नको."

हे सगळं तिनं सवयीचं असल्यासारखं, एका दमात सांगितलं. दुकानात नुसतं हिंडून, चार वस्तू हातात घेऊन शेवटचं कधी बघितलंत, असं विचारल्यावर मात्र तिला आठवेना.

आई सांगलीहून व्हिडिओ कॉलवर सांगायची, "अगं, दुर्लक्ष कर. परका मुलूख आहे." नवरा एकदा तिच्यासोबत आला. चांगला, काळजी करणारा माणूस. म्हणाला, "ताई, हा वर्णभेद आहे असं तुम्हीच म्हणालात तर ती आणखी खचेल. त्यापेक्षा तिला मन घट्ट करायला शिकवा."

ही चिंता मी फार घरांतून ऐकते आणि ती मायेतूनच येते. पण अनघाचं मन घट्टच होतं. इतकी वर्षं ते घट्ट धरून ठेवण्याचीच किंमत तिचं शरीर देत होतं. दूध उतू जाऊ नये म्हणून आपण गॅसपाशी उभं राहतो ते पाच मिनिटं; ती दिवसभर तशी उभी होती. सतत सावध राहिलं की ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरकं चढी राहतात, रक्तवाहिन्या ताठरतात. निरोगी माणसाचं बीपी रात्री झोपेत उतरतं. चोवीस तास बीपी मोजणाऱ्या अभ्यासांमध्ये असं दिसलंय की भेदभाव सोसणाऱ्यांचं ते रात्रीही नीट उतरत नाही. आर्लिन जेरोनिमस या संशोधिकेनं १९९२ मध्येच मांडलं होतं की काळ्या स्त्रियांची शरीरं भेदभावाच्या सततच्या ताणानं झिजतात आणि वयाआधी थकतात.

तिच्या नवऱ्याला मी कॅलिफोर्नियातला एक अभ्यास सांगितला. ११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यानंतरच्या सहा महिन्यांत, अरबी नावं असलेल्या स्त्रियांना कमी वजनाचं बाळ होण्याचं प्रमाण आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा सुमारे एक तृतीयांशानं वाढलं. इतर स्त्रियांमध्ये तशी वाढ दिसली नाही. यातल्या प्रत्येकीवर कुणी हल्ला केला असेल असं नाही. हवाच तशी झाली होती, आणि ती पोटातल्या बाळापर्यंत पोचली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मन घट्ट करण्याचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

अनघाला मी एक वही करायला सांगितली. सकाळ-संध्याकाळचं बीपी आणि त्यापुढे एक ओळ: अंग कुठे आवळलं गेलं, तेव्हा काय चाललं होतं. मंगळवारी, म्हणजे प्रॉडक्शन मीटिंगच्या दिवशी, आकडे चढे. सोमवारी रात्रीही चढे. मैत्रिणींसोबत गेलेल्या शनिवारी खाली. एका वहीनं वैद्यकीयदृष्ट्या काही सिद्ध होत नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. पण हे आपल्या मनाचे खेळ आहेत का, हा प्रश्न तिनं त्यानंतर विचारला नाही.

मग तिनं दुसरा प्रश्न आणला. आपल्या काउंटीनं (म्हणजे जिल्ह्याच्या प्रशासनानं) ठराव करून वर्णभेदाला सार्वजनिक आरोग्याचं संकट ठरवलंय, हे तिनं वाचलं होतं. "हे आमच्यासाठी आहे का? की फक्त काळ्या लोकांसाठी? आणि ठरावानं माझं बीपी कसं उतरणार?"

ठरावानं बीपी उतरत नाही. पण तो का झाला हे माहीत असायला हवं. मिलवॉकी काउंटीनं तो मे २०१९ मध्ये केला, अमेरिकेत बहुधा सर्वांत आधी. पाठीमागे या शहराचा इतिहास आहे. काळ्या माणसाला हवं तिथे घर मिळावं म्हणून नगरसेविका व्हेल फिलिप्स यांनी १९६२ मध्ये प्रस्ताव आणला, तर त्याच्या बाजूनं मत पडलं त्यांचं एकटीचं. विरोधात १८. पुढे १९६७-६८ मध्ये लोकांनी सलग दोनशे रात्री मोर्चे काढले, सोळाव्या रस्त्याचा पूल ओलांडून गोऱ्यांच्या वस्तीत गेले. कायदा झाला, पण वस्त्यांच्या रेघा राहिल्याच. ज्या भागात जुनी घरं आणि शिशाचे नळ आहेत, तिथे मुलांच्या रक्तात शिसं सापडतं. तिथल्या मुलाला कुणी तोंडावर शिवी दिली नसेल, तरी त्याच्या आरोग्याचं नुकसान वर्णभेदानंच केलेलं असतं.

ठरावाचा उपयोग एप्रिल २०२० मध्ये दिसला. कोविडचे रुग्ण कोणत्या वंशाचे आहेत याची नोंदच अनेक ठिकाणी होत नव्हती. हा विषय आधीच आरोग्याचा मानला असल्यामुळे मिलवॉकीत ती होत होती. काउंटीत काळे लोक २६ टक्के, पण पहिल्या २७ मृत्यूंमध्ये त्यांचं प्रमाण ८१ टक्के निघालं. मोजलं नसतं तर हे कळलंच नसतं. त्याच वर्षी जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा पोलिसाच्या हातून मृत्यू झाला, त्यानंतर देशभर असे ठराव झाले, पुढे दोनशेच्या वर गेले. माझं मत विचाराल तर, ज्यांनी पुढे पैसा आणि माणसं दिली नाहीत त्यांचे ठराव कागदावरच आहेत. पण म्हणून नोंद ठेवण्याचं मोल कमी होत नाही.

आणि आपल्यासाठी का? याच काउंटीतल्या ओक क्रीकमध्ये ५ ऑगस्ट २०१२ ला एका गोऱ्या वर्चस्ववाद्यानं गुरुद्वारात शिरून सहा जणांचा जीव घेतला. आपण कुठे मोडतो, हे त्यानं विचारलं नव्हतं. आपण दुसऱ्या बाजूलाही असू शकतो, हेही खरं. सिएटल शहरानं फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला कायद्यानं बंदी केली, अमेरिकेत पहिल्यांदाच. तो प्रस्ताव आणणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मल्या, मुंबईत वाढल्या. आडनाव विचारून समोरच्याची जात जोखणं आपण सोबत घेऊन आलो, म्हणून तो कायदा लागला.

यावर अनघाच म्हणाली, "घर बघताना आम्हीही एजंटला सांगितलं होतं, त्या बाजूचं, काळ्या वस्तीतलं नको." मी तिला लाज वाटावी असं काही बोलले नाही, तिचं तिलाच दिसलं होतं. कारखान्यात एक काळी सहकारी आहे, तिच्याशी कामापलीकडे कधी बोललेच नाही, असंही तिनं सांगितलं. पुढच्या आठवड्यात दोघी एकत्र जेवल्या. ती बाई कितीतरी वर्षांपासून घटना टिपून ठेवत होती: तारीख, वेळ, शब्द, कोण हजर होतं. तक्रार एचआरकडे तोंडी करायची नाही, ईमेलनंच करायची, हेही तिनंच अनघाला शिकवलं. माझ्या खोलीत बसून मी तिला हे देऊ शकले नसते.

डॉक्टरांकडे काय बोलायचं याची आम्ही तयारी केली. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत झेड ६०.५ हा संकेतांक आहे: भेदभावाचं किंवा छळाचं लक्ष्य होणं. तो फार कमी वेळा वापरला जातो. अनघानं वही दाखवली आणि तो आपल्या केसपेपरवर लिहून घेतला. नुसतं "स्ट्रेस" लिहिलं तर दोष तिच्या स्वभावाकडे जातो.

गोळी चालू आहे. वरचा आकडा आता बहुतेक दिवस १३० च्या आसपास असतो. लेखी तक्रारीनंतर मीटिंगच्या इतिवृत्तात मुद्दा कुणी मांडला हे नावानिशी येऊ लागलंय. बाकी चौकशी रेंगाळली आहे. काउंटीच्या अर्थसंकल्पावर दर वर्षी जाहीर सुनावणी होते आणि तिथे कुणाही रहिवाशाला बोलता येतं. यंदा अनघा आणि तिची ती सहकारी दोघी बोलणार आहेत. नवरा सुट्टी काढून सोबत जाणार आहे. भाषणात बीपीचे आकडे सांगायचे की नाही, यावर नवरा-बायकोचं अजून एकमत झालेलं नाही.