वाचक विचारतात : प्रीकास्ट पॅनलला चार बेअरिंग द्यायचे का?

प्रश्न : सर, मी स्ट्रक्चरल ऑफिसमध्ये नवीन आहे. बिल्डिंगला बाहेरून प्रीकास्ट (कारखान्यात आधीच ओतलेले काँक्रीटचे) पॅनल लागणार आहेत, एकेक पॅनल ६ मीटर रुंद, ३.२ मीटर उंच, १५० मिमी जाड. आमचे सीनियर म्हणतात खाली दोन आणि वर दोन असे चार बेअरिंग (वजन घेणारे टेकू) देऊन टाक, एक गेलं तरी तीन राहतात. मला पटत नाहीये, पण का पटत नाही ते नीट सांगताही येत नाहीये.

उत्तर : पटत नाहीये ते बरोबरच आहे. आधी वजन काढू. ६ × ३.२ × ०.१५ म्हणजे २.८८ घनमीटर, त्याला काँक्रीटच्या वजनाने, घनमीटरमागे २५ किलोन्यूटनने, गुणलं की ७२ किलोन्यूटन, सात टनांच्या वर. कागदावर चार बेअरिंगना प्रत्येकी १८ येतात आणि त्यांना धरणारे स्टीलचे ब्रॅकेटही तेवढ्यालाच डिझाइन होतात, पण पॅनल त्याच्या उभ्या पातळीत प्रचंड कडक असतं, ते काही वाकून चारही टेकूंवर सारखं बसत नाही. वरच्या मजल्याचा बीम खालच्यापेक्षा चार-पाच मिमी जास्त वाकला की वरचे दोन्ही ब्रॅकेट मोकळे होतात आणि सगळे ७२ खालच्या दोघांवर, म्हणजे १८ ला डिझाइन केलेल्याच्या डोक्यावर ३६. खालचा बीम जास्त वाकला तर उलटं. आणि सगळं बोल्टने घट्ट आवळलं असेल तर पॅनल वरच्या मजल्याचा भार खाली न्यायला लागतं, जे त्याचं कामच नाही. सीनियरना एवढंच विचारा की चारपैकी नक्की कुठल्या दोनांवर वजन येणार ते तुम्ही सांगू शकता का.

म्हणून वजन घ्यायला बेअरिंग दोनच, दोन्ही एकाच मजल्यावर, आणि प्रत्येक ३६ ला डिझाइन केलेलं. जमलं तर कॉलमच्या जवळ, कारण तिथे बीम कमी वाकतो. त्यातलं एक आडव्या दिशेत पक्कं आणि दुसरं सरकणारं, कारण ६ मीटरचं काँक्रीट ४० अंशांच्या फरकाने साधारण २.४ मिमी हलतं आणि दोन्ही टोकं धरून ठेवली की ते कुठेतरी चीर पाडून स्वतःची जागा करून घेतं.

बाकीची कनेक्शन म्हणजे टाय-बॅक, त्यांनी पॅनल आत-बाहेर जाऊ द्यायचं नाही, वजन अजिबात घ्यायचं नाही. इथे एक गोष्ट हमखास राहून जाते. पॅनलचा गुरुत्वमध्य टेकूच्या बाहेर असतो. समजा २०० मिमी बाहेर आहे, तर ७२ × ०.२ म्हणजे १४.४ किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट (पॅनल बाहेर उलटवू पाहणारा जोर) वारा नसतानाही कायम चालू. बेअरिंग खाली असेल आणि टाय-बॅक त्याच्या २.६ मीटर वर असतील तर वरच्या जोडीवर साधारण ५.५ किलोन्यूटनची ओढ रात्रंदिवस राहते. त्यात वाऱ्याचं सक्शन, म्हणजे पॅनल बाहेर खेचणारा जोर, मिळवा. १.५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर धरलं तर १९.२ चौरस मीटरवर २८.८, त्यातलं निम्मं वर, म्हणजे एकूण २० च्या आसपास, प्रत्येक टाय-बॅकला १०, आणि हे सगळं लोड फॅक्टर (सुरक्षेसाठी भार वाढवणारा गुणक) लावायच्या आधीचं.

आता भूकंप. वरचा मजला खालच्यापेक्षा आडवा सरकतो, ३.२ मीटर उंचीला अर्धा ते एक टक्का ड्रिफ्ट धरला तर १६ ते ३२ मिमी. तेवढं टाय-बॅकने निमूटपणे सोडून द्यायला हवं, एकतर आडव्या लांब स्लॉटमधून (बोल्ट सरकेल अशा लांबट भोकातून) किंवा लांब बारीक थ्रेडेड रॉड वाकवून. अमेरिकेच्या एएससीई ७ या इमारतींवरच्या भारांच्या नियमावलीत तर ड्रिफ्ट कमी आला तरी किमान १३ मिमी हालचालीची सोय ठेवा असं आहे. इटलीत एमिलिया भागात मे २०१२ च्या भूकंपात प्रीकास्ट कारखान्यांची बाहेरची पॅनल पडली, काँक्रीट कमजोर म्हणून नाही, फ्रेम जेवढी हलली तेवढं हलणं कनेक्शनला झेपलं नाही म्हणून. आणि जिथे काही तुटायचंच असेल तिथे आधी स्टीलचा ब्रॅकेट वाकू दे. काँक्रीटमध्ये रुतवलेला अँकर बोल्ट शंकूसारखा तुकडा घेऊन एकदम उपटतो, आधी काही सांगत नाही, म्हणून अँकर ब्रॅकेटपेक्षा ताकदवान ठेवा.

प्रश्न : साइटवर स्टील फ्रेम आहे. पॅनल चढवलं, ओळंब्यात आणलं, पुढचं चढवलं की आधीचं बाहेर झुकलेलं दिसतं. इरेक्शनवाले म्हणतात डिझाइन चुकलं, डिझाइनवाले म्हणतात शिम (पातळी साधायला घालायच्या पातळ पट्ट्या) चुकल्या. खरं कुणाचं?

उत्तर : शिमवर मारामारी करण्याआधी एज बीम (मजल्याच्या कडेचा बीम) बघा. पॅनलचं वजन बीमच्या मध्यावर येत नाही, बाहेर काढलेल्या ब्रॅकेटच्या टोकावर येतं. मध्यापासून ३०० मिमी लांब आणि ३६ किलोन्यूटन, म्हणजे एकेका ब्रॅकेटपाशी १०.८ किलोन्यूटन-मीटरची पिळवटणूक, आणि आय सेक्शन (इंग्रजी I च्या आकाराचा बीम) पिळायला फारच सोपा असतो, त्यात स्लॅब अजून पडलेला नसेल तर त्याला धरणारंही कुणी नाही. पुढचं पॅनल त्याच बीमवर टेकलं की तो आणखी फिरतो आणि आधीच्याचा ओळंबा जातो. बीमच्या खालच्या फ्लँजपासून (आडव्या पट्टीपासून) आतल्या बीमला किंवा स्लॅबला तिरका ब्रेस द्या, नाहीतर ब्रॅकेट कॉलमवर न्या, नाहीतर बीमच बंद बॉक्स सेक्शनचा घ्या. काँक्रीटचा एज बीम असता तर टॉर्शनसाठी, म्हणजे याच पिळासाठी, बंद स्टिरप (सळयांभोवतीच्या कड्या) तपासा म्हटलं असतं. तोवर साइटवर एवढंच करा की एका बीमवरची सगळी पॅनल बसेपर्यंत फायनल अलाइनमेंट करू नका, आणि ब्रॅकेटला तिन्ही दिशांना २५ मिमी तरी हलवायची जागा आहे ना ते ड्रॉइंगवरच बघा, कारण फ्रेम कधीच ड्रॉइंगसारखी उभी राहत नाही.

प्रश्न : अलाइनमेंट झाल्यावर टाय-बॅकचे सगळे नट आणि वॉशर वेल्ड करून टाकले तर चालेल का? नट ढिले होण्याची भीती वाटते.

उत्तर : नाही. स्लॉट हलण्यासाठी दिलाय आणि वेल्ड मारला की तो स्लॉट नुसता भोक झाला. नट हाताने बसेल इतपतच, मागून लॉक नट घाला, ढिला होणार नाही आणि सरकेलही. वेल्ड फक्त ड्रॉइंगवर पक्कं दाखवलंय तिथेच, तेही छोट्या छोट्या पासमध्ये, कारण काँक्रीटमध्ये बसवलेली एम्बेड प्लेट एकदम तापली की तिच्याभोवतीचं काँक्रीट तडकतं. गॅल्वनायझिंग (गंज रोखणारा जस्ताचा थर) जळतं तिथे झिंकवाला पेंट मारा, पॅनल बसल्यावर त्या जागी परत हात पोचत नाही.