भिगवणच्या रोहित पक्ष्यांचे फोटो चित्रासारखे का वाटत नाहीत?

उजनी जलाशयावर भिगवणजवळ काढलेल्या फोटोंत रोहित पक्षी स्पष्ट दिसत असूनही चित्राचा गुण का येत नाही, असे आपण विचारले आहे. माझ्या मते याचे मुख्य कारण बहुधा कॅमेऱ्याची उंची हे असते. नावेत उभे राहून फोटो काढला की पक्ष्यामागे केवळ पाणी येते आणि आकृती त्याला चिकटल्यासारखी दिसते. तेच खाली बसून लेन्स शक्य तितकी पाण्याजवळ आणली, तर मागचा दूरचा काठ धूसर होतो, मानेची वळणदार रेषा सुटी दिसते आणि पाणी संथ असल्यास प्रतिबिंबात तिची जोडही मिळते. या पक्ष्याचे सारे सौंदर्य त्या रेषेत आहे, म्हणून दोघांच्या माना एकमेकींवर येत असतील तर त्या सुट्या होईपर्यंत थांबावे. पक्षी पाहतो त्या दिशेला अधिक मोकळी जागा सोडावी. मात्र पूर्ण प्रतिबिंब घेताना एक-तृतीयांशाचा नियम (चौकटीचे उभे-आडवे तीन समान भाग कल्पून मुख्य विषय मधोमध न ठेवता त्या रेषांवर ठेवणे) खुशाल मोडावा, कारण तिथे समतोल मधोमधच साधतो. फिकट गुलाबी छटा सकाळच्या तिरप्या उन्हात टिकते, भर दुपारी पांढरी पडते. पंखांखालचा लाल रंग हवा म्हणून नावाड्याला थवा उडवायला मात्र कधीही सांगू नये.