पाचची भूक दुपारच्या ताटात असते

प्रिय,

तुझं पत्र वाचलं. रक्तातली साखर किंचित वर गेली म्हणून डॉक्टरांनी कार्ब्ज (कार्बोहायड्रेट, म्हणजे पिष्टमय आणि गोड पदार्थांतला मुख्य घटक) कमी करायला सांगितलं, तू त्याच आठवड्यात भात, पाव, बटाटा सगळं एकदम बंद केलंस. आता संध्याकाळी पाच वाजले की पोटात कावळे ओरडतात आणि हाताला लागेल ते खाल्लं जातं. म्हणून विचारतोस, कार्ब्ज कमी असलेला आणि तरीही पोट भरेल असा खाऊ कोणता?

खाऊची नावं सांगतेच. पण आधी तुझ्या दुपारच्या जेवणाबद्दल बोलू दे, कारण पाचची भूक बहुतेक वेळा दुपारच्या ताटातच ठरलेली असते. तू लिहिलंस त्यावरून भात गेला, भाजी होती तेवढीच राहिली आणि सोबत काकडी-टोमॅटो आले. हिशोब कर. शिजलेल्या 100 ग्रॅम भातात साधारण 28 ग्रॅम कार्ब्ज आणि 130 कॅलरी असतात. तू दोनशे ग्रॅम खात असशील तर ताटातून एका फटक्यात 260 कॅलरी उठल्या आणि त्या जागी जवळजवळ काहीच आलं नाही. याला अर्धपोटी राहणं म्हणतात. अर्धपोटी माणूस पाच वाजता खाणारच, त्यात तुझा निश्चय कच्चा आहे असं अजिबात समजू नकोस.

म्हणून काय सोडायचं याची यादी जरा बाजूला ठेव. सोडलेल्या पदार्थाच्या जागी काय आलं, हे आधी बघ. मला तुला सांगायचं आहे ते मुख्यतः एवढंच, बाकीचं सगळं त्याच्याच पोटात येतं.

कार्ब्ज कमी असणं आणि पोट टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1995 मध्ये सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 38 पदार्थ तपासले. प्रत्येक पदार्थाचा 240 कॅलरींचा वाटा लोकांना खायला दिला आणि पुढचे दोन तास पोट किती भरल्यासारखं वाटतंय ते विचारत राहिले. पांढऱ्या पावाला 100 गुण धरले होते. त्या हिशोबात पहिला आला उकडलेला बटाटा, 323 गुण! मासा 225, अंडी 150, चीज 146. आणि शेंगदाणे फक्त 84, म्हणजे पावाच्याही खाली. शेंगदाण्यात कार्ब्ज कमी आहेत, प्रोटीन भरपूर आहे, तरी असं का? कारण 240 कॅलरींचे शेंगदाणे म्हणजे जेमतेम मूठभर. तेवढ्याच कॅलरींचे उकडलेले बटाटे पाव किलोच्या वर जातात. तुझ्या साखरेसाठी बटाटा आत्ता बेताचाच बरा, पण तो पोट का भरतो हे समजून घे. त्यात पाणी आहे आणि आकार आहे.

पोटाला भरल्याची जाणीव दोन वाटांनी होते. जठर ताणलं गेलं की नसांमार्फत मेंदूला निरोप जातो, त्यासाठी जेवणाला आकारमान लागतं आणि ते पाणी आणि फायबर (अन्नातला न पचणारा चोथा) यांच्याकडून मिळतं. दुसरा निरोप आतड्यातून निघतो. प्रोटीन आणि स्निग्ध पदार्थ तिथे पोहोचले की भूक आवरणारी संप्रेरकं सुटतात, त्याला पंधरा-वीस मिनिटं सहज लागतात. नुसतं सॅलड खाल्लं तर पहिला निरोप जातो, दुसरा फारसा नाही, म्हणून तासाभरात पुन्हा भूक. नुसते बदाम किंवा चीज खाल्लं तर दुसरा जातो, पण जठर रिकामंच वाटतं आणि हात पुन्हा डब्यात जातो. ताटात दोन्ही एकत्र असले की पोट चार-पाच तास टिकतं.

प्रोटीनचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. प्रत्येक मुख्य जेवणात 25 ते 30 ग्रॅम प्रोटीन धर. एका मोठ्या अंड्यात साधारण 6 ग्रॅम असतं आणि कार्ब्ज एका ग्रॅमहूनही कमी. म्हणजे एक अंडं खाऊन प्रोटीन झालं असं होत नाही. शिजवलेलं चिकन 100 ग्रॅम घेतलंस तर जवळपास 30 ग्रॅम मिळतं, मासा घेतलास तर 20 ते 25. टोफूत (सोयाबीनच्या पनीरात) प्रोटीनचं प्रमाण कमी-जास्त होतं, घट्ट टोफू घे, मऊ टोफूत पाणीच जास्त. साध्या दह्यात 100 ग्रॅमला साडेतीन-चार ग्रॅमच प्रोटीन असतं. तेच दही फडक्यात बांधून पाणी निथळू दिलंस की ते दुपटीहून अधिक होतं आणि चमचा उभा राहील असं घट्ट दही पोटाला चांगला आधार देतं.

मांसाहार करत नसशील तर डाळी-कडधान्यांवरून तुझ्या मनात गोंधळ असणार. शिजवलेल्या 100 ग्रॅम मसुरीत 20 ग्रॅम कार्ब्ज असतात, पण त्यातलं 8 ग्रॅम फायबर असतं आणि वर 9 ग्रॅम प्रोटीन. काही जण कार्ब्जचा आकडा बघून डाळी फेकून देतात. मला ते पटत नाही. दिवसाला 130 ग्रॅमच्या आत कार्ब्ज असले की त्याला साधारणपणे लो-कार्ब म्हणतात, 20 ते 50 ग्रॅमचा आहार हा फार कडक प्रकार झाला, त्यालाच कीटो म्हणतात. तुझी साखर नुकतीच वर सरकली आहे, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर त्या कडक वाटेला जायचं कारण मला दिसत नाही. शंभरच्या आसपास राहिलास तर वाटीभर डाळ, एखादं फळ, दही हे सगळं त्यात बसतं आणि वर्षभर निभावतंही.

आता भाताच्या जागेबद्दल. आकार भरून काढायला फुलकोबीसारखी भाजी नाही. 200 ग्रॅम फुलकोबीत साधारण 10 ग्रॅम कार्ब्ज आणि 50 कॅलरी. पण ती बहुतेकांच्या हातून बिघडते आणि मग 'हे आपल्याला जमणारं नाही' म्हणून सगळंच सोडून दिलं जातं, म्हणून ती कशी करायची ते सविस्तर लिहिते. तिच्या वजनाचा 90 टक्क्यांहून जास्त भाग पाणीच असतं. झाकण ठेवून शिजवलीस की त्या वाफेत तिचा लगदा होतो आणि उग्र वास सुटतो. म्हणून जाड किसणीवर किस, दाणे मोठे राहू देत. स्वच्छ फडक्यात घालून घट्ट पीळ. पसरट भांडं आधी नीट तापव, चमचाभर तेल घाल, किस पसर आणि मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं ठेव. झाकण नको, सारखं ढवळणंही नको. खालून तपकिरी ठिपके दिसायला लागले की परत. मीठ अगदी शेवटी घाल, आधी घातलंस तर ते पाणी ओढून आणतं. मग एका कडेला जागा करून दोन-तीन अंडी फोड, ती अर्धवट घट्ट झाली की किसात मिसळ, वर मूठभर चिरलेला पालक आणि थोडं चीज. अंडी चालत नसतील तर टोफूचे तुकडे आधी वेगळे खरपूस परतून घे. हे खाऊन पाचला भूक लागते का बघ.

कोबी बारीक चिरून अशीच परतता येते. मशरूम, दुधी, फरसबी, ढोबळी मिरची, ब्रोकोली, यातली कुठलीही भाजी मनमोकळी खा. गाजर गोड लागतं म्हणून त्याला घाबरू नकोस, 100 ग्रॅमला 10 ग्रॅमच्या आसपास कार्ब्ज म्हणजे फार नाहीत. आणि तेलाचा चमचा मोजून टाक, पण वगळू नकोस. कार्ब्जही नाहीत आणि तेलही नाही असं ताट महिनाभरसुद्धा कुणाला निभावत नाही.

दुपारचं जेवण असं बांधलंस की संध्याकाळचा खाऊ पुष्कळदा लागणारच नाही. लागलाच, तर तोच नियम: काहीतरी प्रोटीनचं आणि काहीतरी पाणीदार. दोन उकडलेली अंडी आणि काकडी. घट्ट दह्यात मीठ, मिरपूड, लसूण घालून त्यात बुडवायला मुळा, गाजर, ढोबळी मिरचीच्या फोडी. चीजचा तुकडा आणि टोमॅटो. उकडलेल्या कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा, या सोलत सोलत खाव्या लागतात त्यामुळे घाईघाईत संपत नाहीत, मला हा खाऊ फार आवडतो. थंडीत वाटीभर भाजीचं गरम सूप आणि सोबत भाजलेल्या भोपळ्याच्या बिया.

सुक्या मेव्याचं मात्र जपून. बदाम 28 ग्रॅम, म्हणजे साधारण वीस-बावीस, यात 6 ग्रॅम प्रोटीन, 6 ग्रॅम कार्ब्ज (त्यातलं निम्म्याहून अधिक फायबर) आणि 160 च्या वर कॅलरी असतात. वाटीत मोजून घे आणि डबा बंद करून ठेव. समोर डबा उघडा ठेवून काम करत बसलास तर शंभर ग्रॅम कधी संपले कळतही नाही. अक्रोड, बदाम, शेंगदाणे चालतील. काजूत 100 ग्रॅमला 30 ग्रॅम कार्ब्ज असतात आणि फायबर अगदी थोडं, तो त्यांच्या रांगेत बसत नाही. चियाच्या बिया खायच्या असतील तर दह्यात किंवा पाण्यात पुरत्या भिजवूनच, कोरड्या चमच्याने तोंडात टाकू नकोस, त्या पाणी शोषून फुगतात आणि घशात अडकू शकतात.

'लो-कार्ब' किंवा 'कीटो' असं ठळक लिहिलेली पाकिटं तू घेतोस हेही पत्रात आहे. पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाच. आधी बघ आकडे 100 ग्रॅमचे आहेत की एका वाट्याचे, आणि तो वाटा खरंच तू खातोस तेवढा आहे का. मग हे बघ की कार्ब्जच्या आकड्यात फायबर धरलंय की नाही: अमेरिकी पद्धतीच्या लेबलवर ते धरलेलं असतं, युरोपात वेगळं दाखवतात. युरोपातल्या आकड्यातून पुन्हा फायबर वजा केलंस तर हिशोब चुकेल. 'नेट कार्ब्ज' (फायबर वगैरे वजा करून उरलेले कार्ब्ज) हा आकडा बऱ्याचदा पाकीटवाल्याने आपल्या पद्धतीने काढलेला असतो. घटकांत माल्टिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) दिसलं तर लक्षात ठेव, त्याने साखर थोडीफार वाढतेच, आणि जास्त खाल्लं तर पोटात गॅस होऊन जुलाबही होतात. माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड, साखर झटकन वाढवते) दिसलं तर ते पाकीट परत फळीवर ठेव.

पाकिटांपासून जरा लांब राहायला आणखी एक कारण आहे. 2019 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी 20 जणांना दोन आठवडे कारखान्यात अति प्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं, घरगुती प्रकारचं. समोर वाढलेल्या दोन्ही जेवणांत कॅलरी, साखर, फायबर सारखं ठेवलं होतं, हवं तेवढं खायची मुभा होती. प्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना लोकांनी रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाल्ल्या. पाकिटातला लो-कार्ब बार हा शेवटी त्याच जातीचा. प्रवासात अडलास तर खा, रोजचा खाऊ म्हणून नको.

वजनासाठी लो-कार्बच लागतं असंही मनात धरू नकोस. स्टॅनफर्डमध्ये 609 लोकांवर वर्षभराचा अभ्यास झाला, 2018 मध्ये तो छापून आला. लो-कार्ब गटाचं वजन सरासरी 6 किलो उतरलं, लो-फॅट गटाचं 5.3, हा फरक नाव घ्यावा एवढा नव्हता. दोन्ही गटांना साखर आणि मैदा कमी करायला, भाज्या भरपूर खायला सांगितलं होतं. तेव्हा एखाद्या दिवशी कुणाकडे जेवायला गेलास आणि भात खाल्लास, तर दुसऱ्या दिवशी उपास करून तो फेडायचा नाही. आधी भाजी आणि प्रोटीन खा, भात शेवटी आणि थोडा. त्या क्रमाने जेवल्यावर साखर कमी उसळते.

तुला पहिल्या आठवड्यात डोकेदुखी आणि गळाठा आला होता तो कशाने, तेही सांगते. कार्ब्ज एकदम कमी केले की शरीरात साठवलेली साखर वापरली जाते, तिच्याबरोबर पाणी आणि मीठ बाहेर जातं. पाणी पीत राहा, सूपमध्ये मीठ असू दे. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र मीठ आणि प्रोटीन दोन्ही डॉक्टरांना विचारूनच वाढव. फायबरही हळूहळू वाढव, एकदम वाढवलंस तर पोट फुगेल.

एक गोष्ट तू पत्रात लिहिली नाहीस: रक्तातल्या साखरेसाठी गोळी सुरू झाली आहे का? इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असताना कार्ब्ज कमी केले तर साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते, आणि काही गोळ्यांबरोबर कडक कीटो आहार अजिबात चालत नाही. गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना फोन कर, डोस बदलावा लागेल. हे पत्र वाचून लगेच काही बदलू नकोस.

नसेल, तर उद्यापासून दुपारी काय आणि किती खाल्लंस आणि पुन्हा भूक किती वाजता लागली, एवढं एका कागदावर लिहीत जा. पुढच्या रविवारी तो कागद पाठव, म्हणजे कुठे काय कमी पडतंय ते दोघं मिळून बघू.

तुझी,
ताई