मंदाताईंना आजीपासून लपवू नका

मेलबर्नहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी 22 वर्षांची, तिथेच चित्रकला शिकते. तिने ‘मंदाताई’ नावाचं पात्र रंगवायला घेतलंय. ठसठशीत नथ, ओठावर लव, सुटलेलं पोट. एका चित्रात मंदाताई न्हाणीघरात पाटावर उघड्या बसून पायरी आंबा चोखताहेत, रस कोपरापर्यंत ओघळलाय. दुसऱ्यात नऊवारीत, तलावाकाठच्या एका तरुण पोराकडे चष्मा वर करून बघताहेत. मुलगी सहीसुद्धा मंदाताईंच्याच नावाने करते. डिसेंबरात सगळे पुण्याला आजी-आजोबांकडे येणार आहेत. आई विचारते, ‘ही आपल्या बायकांची थट्टा तर नाही ना? आणि घरी दाखवायचं कसं?’

ताई, तुम्ही पाठवलेले फोटो मी सावकाश पाहिले. थट्टेत कुणाला तरी कमी लेखलेलं असतं. मंदाताईंना पोट आत ओढून घ्यावंसंही वाटत नाही. हसू येतं ते त्यांच्या निवांतपणाचं. शरीराबद्दल, इच्छेबद्दल जे स्वतःच्या नावाने बोलायला जड जातं, ते मुलगी मंदाताईंच्या तोंडून बोलतेय, असं मला वाटतं.

चित्रकारांनी हे पूर्वीही केलंय. फ्रेंच चित्रकार मार्सेल द्युशाँने 1920 मध्ये न्यूयॉर्कला ‘रोझ सेलाव्ही’ नावाची बाई जन्माला घातली. टोपी आणि फरची कॉलर घालून तो स्वतःच रोझ झाला, तिचे फोटो छायाचित्रकार मॅन रेने काढले, आणि द्युशाँने काही कलाकृतींवर तिच्या नावाने सही केली. ते नाव फ्रेंचमध्ये भरभर म्हटलं की ‘कामवासना, हेच जीवन’ असं ऐकू येतं.

पण त्यासाठी इतक्या लांब कशाला जायचं? सासरच्या माणसांना कंटाळलेली सून होऊन एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडातून भवानीला नवस केला, तो ऐकून लोक आजही हसतात. तमाशातल्या गवळणीत पुरुषच मावशी होतो. ज्या बालगंधर्वांचं बघून घरंदाज बायका साडी नेसायची ढब उचलायच्या, त्यांच्या नावाचं रंगमंदिर पुण्यात 1968 पासून उभं आहे.

माझ्या लहानपणी सदाशिव पेठेतल्या वाड्यात मंगळागौर जागवायचे. पुरुषमंडळी झोपली की माझी मावशी काकांचा कोट चढवायची, काजळाने मिशी काढायची आणि ‘बंडोपंत’ व्हायची. एरवी डोक्यावरचा पदर ढळू न देणारी ही बाई बंडोपंत झाली की पाय पसरून बसायची, पान मागायची, शेजारणीला डोळा मारायची. लग्नाच्या पहिल्या वर्षात काय काय मनात होतं आणि काय राहून गेलं, तेही बंडोपंतच सांगायचे. बायका पोट धरधरून हसायच्या, एखादी मध्येच गप्प व्हायची. सकाळी कोट खुंटीवर गेलेला असायचा, पण मावशीच्या वरच्या ओठावर काजळाचा डाग दुपारपर्यंत राहायचा. तो पुसायची तिला घाई नसायची, हे मला फार उशिरा कळलं.

म्हणून मुलीला ‘ही तूच का?’ असं विचारू नका. त्या प्रश्नाने सोंग उतरतं आणि बोलणंही थांबतं. ‘मंदाताई सध्या काय करताहेत?’ असं विचारा, ती भरभरून सांगेल.

दुसरं कळकळीने सांगते, तिला न विचारता एकही फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. मोबाइलवर आधी उघडं अंग दिसतं, चेहऱ्यावरचं हसू दिसतच नाही. कोणती चित्रं आणायची ते तिला ठरवू द्या, आणि दाखवायचीही तिनेच. आजोबा उठून गॅलरीत गेले तर जाऊ द्या, बोलावून आणू नका.

आजींना मात्र एक विचारा, त्यांच्या मंगळागौरीत मिशी कोण लावायचं. मुलीला तेव्हा शेजारी बसू द्या, वही-पेन्सिल घेऊन.