पहिली मोटारसायकल घेताना: सीसी नव्हे, ब्रेक विचारा

दिवाळीच्या तोंडावर कापूस-सोयाबीनचा पैसा हाती यायला लागला, की माझ्याकडे येणारे प्रश्न बदलतात. ‘गाडी धूर का मारते’ मागे पडतं आणि ‘कोणती गाडी घेऊ’ सुरू होतं. यंदाही तेच. बहुतेकांनी सीसी विचारलं, मायलेज विचारलं, एकानं तर कोणता रंग लाभतो तेही विचारलं. ब्रेकबद्दल एकट्यानंच लिहिलं आणि तेही चुकीचं ऐकून. त्याचं उत्तर लांबलं आहे, बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजवर फक्त मामाची स्कूटी चालवली. मित्र म्हणतात, घ्यायची तर 350 ची बुलेटच घे, शंभर सीसी म्हणजे म्हाताऱ्यांची गाडी. बाबा स्प्लेंडरवर अडून बसलेत. तुम्ही कोणाच्या बाजूचे? (दारव्हा)

बाबांच्या. पण ते मायलेजसाठी म्हणत असतील, मी वजनासाठी म्हणतो. स्प्लेंडर प्लस 112 किलोची, सीटची उंची 785 मिलिमीटर. क्लासिक 350 भरते 195 किलो, सीट 805. हे जास्तीचे 83 किलो सरळ रस्त्यावर पळताना जाणवत नाहीत. जाणवतात ते पांदणीत गाडी वळवताना, पंपावर मागे ढकलताना आणि मृगाच्या पहिल्या पावसात काळ्या मातीत चाक बसल्यावर. नवशिका गाडी पाडतो ती बहुतेक वेळा उभ्या-उभ्या, नाहीतर चालण्याच्या वेगात. मित्र तेव्हा उचलायला येतीलच असं नाही.

तुझा रोजचा रस्ता कोणता, हे मात्र तू लिहिलं नाहीस. गाव ते कॉलेज एवढंच असेल तर शंभर सीसी पुरते. रोज हायवेनं यवतमाळ गाठायचं असेल तर ट्रकच्या मागून निघायला ती कमी पडते. मग 125 किंवा 150-160 सीसीची, पुढे डिस्क ब्रेक (उघड्या चकतीला पकडणारा) असलेली बघ. ड्यूक 200 सारख्या गाड्या पहिल्या वर्षी नकोत. सीट 822 मिलिमीटर आणि अ‍ॅक्सिलरेटर जरा जास्त पिळला गेला की माफी नाही.

शोरूममध्ये एवढं कर : गाडी मेन स्टँडवरून स्वतः उतरव, इंजिन बंद ठेवून दहा पावलं मागे ढकल, मग बसून दोन्ही पाय टेकव. पंजे जमिनीवर घट्ट बसले पाहिजेत, नुसती बोटं टेकून भागत नाही. जमलं नाही तर ती गाडी तुझी नाही. सोबत मित्र नको, गाडी जाणणारा एखादा वडीलधारा ने.

प्रश्न : शोरूमवाला ऐंशीचं मायलेज सांगतो. खरं का? (आर्णी)

कागदावर खरं. गावात तीच गाडी वर्षभर चालवणाऱ्याला विचारा.

प्रश्न : पुढचा ब्रेक लावला की गाडी उलटते असं आमच्याकडे सगळेच सांगतात. काकांनी तर पुढच्या ब्रेकची वायर ढिलीच करून ठेवली आहे. नवीन गाडीला पुढे डिस्क नको, ड्रमच बरा ना? (कास्तकार, घाटंजी)

आधी काकांना ती वायर कसायला सांगा, उत्तर नंतर वाचा.

खेड्यावरून सर्व्हिसला येणाऱ्या गाड्या उघडल्या की ही अफवा डोळ्यांनी दिसते. मागचे लायनर, म्हणजे ड्रमच्या आत घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, पार झिजून पत्रा लागायला आलेला. पुढचा ड्रम काढावा तर लायनर कंपनीतून आले तेवढेच जाड, वर गंजाची लाल पूड. लिव्हरच्या पिनेत माती बसून ती अर्ध्यावर अडते, सोडली तरी परत येत नाही. मालक म्हणतो, “पुढचा लागतच नाही भाऊ, गरजच पडत नाही.” गरज ज्या दिवशी पडेल त्या दिवशी ती लिव्हर अशीच अडणार आहे.

आता हे नीट समजून घ्या. उतारावर भरलेल्या बंडीचं ओझं जसं बैलांच्या मानेवर येतं, तसं ब्रेक लागला की गाडीचं आणि तुमचं वजन पुढच्या चाकावर येतं. ते चाक रस्त्यावर दाबलं जातं, मागचं हलकं होतं. हलक्या चाकाला ब्रेक दाबला की ते जाम होऊन घसरतं, थांबवत नाही. म्हणजे थांबवायची खरी ताकद पुढे आहे आणि आपल्याकडे तीच बंद करून ठेवतात.

हिशेब सांगतो. साठच्या वेगात गाडी सेकंदाला साधारण 17 मीटर जाते. समोर ढोर आलं, ते कळलं, हातपाय हलले, यात एक सेकंद आणि ते 17 मीटर गेले. त्यापुढे कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर वीसेक मीटरमध्ये गाडी उभी राहते. एकट्या मागच्या ब्रेकवर जवळपास दुप्पट अंतर लागतं. विनारिफ्लेक्टरची कापसाची ट्रॉली रस्त्यात उभी असेल तर ते वरचे वीस मीटर तिच्या फाळक्याच्या पलीकडचे असतात.

मग लोक पडतात ते खोटं का? खोटं नाही. घाबरून लिव्हर एकदम मुठीत आवळली, हँडल वळलेलं असताना आवळली, किंवा खाली गिट्टीची चुरी, ओली काळी माती, रस्त्यावर वाळत घातलेलं सोयाबीन असलं, की पुढचं चाक जाम होतं आणि जाम झालेलं पुढचं चाक सावरत नाही. पण दोष ब्रेकचा नाही, आवळण्याचा आहे. लिव्हर दाबत न्यायची असते : पहिल्यांदा हलकी, वजन पुढे आल्यावर जोरात. हँडल सरळ. सोबत मागचा. चुरीवर आणि चिखलात आधीच वेग कमी करायचा, तिथे पुढचा अगदी हलका.

एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. ते चाक जाम होऊ देत नाही. सिंगल चॅनल म्हणजे ते फक्त पुढच्या चाकाला, हे सेल्समन आपणहून सांगत नाही, विचारा. 125 पर्यंतच्या गाड्यांना निदान सीबीएस असतं, म्हणजे मागचा पेडल दाबला की पुढचाही थोडा लागतो. थोडाच. म्हणून लिव्हरची सुट्टी होत नाही. आणि एबीएसनं चुरीवर गाडी कमी अंतरात थांबते असं समजू नका. कधी उलट जास्त लागतं, फक्त तुम्ही उभे राहता.

तेव्हा डिस्क आणि एबीएस परवडत असेल तर तेच घ्या. ड्रमच घ्यायचा तर वायर आणि लायनर दर सर्व्हिसला दाखवा. गाडी आली की बाजार नसलेल्या दिवशी बाजार समितीच्या सिमेंटच्या आवारात, परवानगी काढून, हेल्मेट घालून, वीसच्या वेगावर ब्रेक लावून पाहा. मग तीस, मग चाळीस. दोन-चार संध्याकाळी द्या. जवळ ड्रायव्हिंग स्कूल असेल तर हे त्यांच्यासमोर करा. काकांनाही न्या.

प्रश्न : मी धारणी तालुक्यात शिक्षिका आहे. उंची पाच फूट एक इंच. शाळा बारा किलोमीटरवर, रस्ता अर्धा खडीचा. घरचे म्हणतात बाईमाणसाला स्कूटीच बरी. मोटारसायकल शिकू का?

शिका ताई. बाईमाणसाचा इथे संबंध नाही, चाकाचा आहे. स्कूटरची चाकं 10-12 इंची, मोटारसायकलची 17-18. खड्ड्यात लहान चाक उतरतं, मोठं ओलांडून जातं. शिवाय घाटात उतरताना मोटारसायकल खालच्या गिअरमध्ये इंजिनच्या जोरावर धरून ठेवता येते, स्कूटरला तेवढी धरण नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. पेट्रोल वाचवायला घाटात न्यूट्रल करणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

तुमच्या उंचीला 785 मिलिमीटरची सीट जमू शकते, 805 ची अवघड. पण आकड्यावर घेऊ नका, सीटची रुंदीही मोजावी लागते, बसूनच ठरवा. ब्रेक लिव्हर बोटांना लांब पडते का तेही पाहा. साडी नेसून जाणार असाल तर साडीगार्ड नियमातच आहे, त्याचे वेगळे पैसे देऊ नका.

प्रश्न : मुलगा दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाला. 16 चा आहे. त्याला गाडी कबूल केली होती. गावातल्या गावात चालवली तर चालेल ना? (एक पालक, मानोरा)

नाही. 16 व्या वर्षी फक्त बिनगिअरची, 50 सीसीपर्यंतची गाडी आणि तीही लायसन्स काढून. मोटारसायकल 18 नंतर. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी सापडली तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजार दंड, गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द आणि मुलाला 25 व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. ‘गावातल्या गावात’ असा रस्ता कायद्यात नाही. चांगली सायकल घेऊन द्या.

प्रश्न : ओळखीतून जुनी शाईन मिळते. आरसी पहिल्या मालकाच्या नावावर, तो पुण्याला गेला. विकणारा तिसरा. म्हणतो स्टॅम्प पेपरवर लिहून देतो, काही होत नाही. (वणी)

काही होत नाही ते त्याला. स्टॅम्प पेपरनं गाडी नावावर होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे की नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. म्हणजे पुण्याचा माणूसही टांगणीला आणि तुम्हीही. टीटी, म्हणजे मालकी बदलायचे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म, पहिल्या मालकाच्या सहीचे आणि त्याच्या समक्ष पाहिजेत. आरसीवर फायनान्सचा बोजा असेल तर कंपनीची एनओसी आणि बोजा उतरवायचा 35 नंबरचा फॉर्म. विमा आणि ऑनलाइन चलान पाहा. गाडी 15 वर्षांच्या जवळ आली असेल तर नोंदणीच्या नूतनीकरणाचा खर्च किमतीतून वजा करा.

कागद बसले, तरच गाडीकडे बघा. सकाळी थंड इंजिनवर जा. आधीच गरम करून ठेवलेली दिसली तर कारण विचारा. चेसिस नंबर आरसीशी ताडा. मेन स्टँडवर लावून पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल सावकाश फिरवा. मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोन सेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. टायर झिजून गोटा झाला असेल, चेन सॉकेटचे दात टोकदार झाले असतील तर ते पैसेही धरा. शेवटी तुमच्या मेकॅनिकला दाखवा, विकणाऱ्याच्या नव्हे.

प्रश्न : “फक्त 12 टक्के व्याज” आणि “पाच वर्षं विमा फ्री” अशी स्कीम आहे. दसरा हुकला, गुढीपाडव्यापर्यंत थांबू की दिवाळीतच घेऊ? (दिग्रस)

12 टक्के फ्लॅट असेल. 80 हजारांवर तीन वर्षांचं व्याज 28,800, किस्त 3,022 च्या आसपास. दर महिन्याला मुद्दल फिटत असताना व्याज मात्र अख्ख्या 80 हजारांवर घेतात. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर सुमारे 21 टक्के पडतो. विचारायचं ते एवढंच : रिड्यूसिंगनं किती? उत्तर टाळलं तर उठा, बँकेत विचारा.

विमा फ्री नाही, तो किमतीत धरलेला असतो. पाच वर्षांचा भाग थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीनं दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीचा. तो सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला सक्तीचाच आहे. तुमच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो आणि दुसऱ्या वर्षी पडल्यावर लोकांना ते कळतं. ‘हँडलिंग चार्ज’ आणि सक्तीच्या अ‍ॅक्सेसरीज कोटेशनमधून काढायला लावा. 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा कोटेशनवर तारीख आणि कर दोन्ही वाचा.

मुहूर्त तुमचा तुम्ही ठरवा. मला त्यातलं कळत नाही.

प्रश्न : नवीन गाडी समृद्धी महामार्गावरून नागपूरला नेऊन पाहू का? (कारंजा)

दुचाकीला बंदी आहे.

प्रश्न : लर्निंग काढून पाच महिने झाले. पक्कं लायसन्स कामाच्या गर्दीत राहून गेलं. गाडी तर रोज चालवतो. (पुसद)

लर्निंग सहा महिने चालतं, पक्क्याची टेस्ट 30 दिवसांनंतर देता येते. म्हणजे चार महिने तुम्ही उगीच घालवले. उरलेल्या महिन्यात अपॉइंटमेंट मिळाली नाही तर पुन्हा पहिल्यापासून. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा वैध लायसन्स नसेल तर मिळत नाही, हे घरी सांगितलं आहे का? आजच आरटीओच्या ऑनलाइन पानावर तारीख घ्या. एजंटाकडे नको.

प्रश्न : रात्री समोरच्या गाडीचा लाईट फुटल्यासारखा दिसतो आणि काही क्षण काहीच दिसत नाही. जास्त उजेडाची एलईडी हेडलाईट असलेली गाडी घेऊ का? (राळेगाव)

गाडी बदलून डोळे बदलत नाहीत. नेत्रतज्ज्ञांना दाखवा, या आठवड्यात. ते सांगेपर्यंत अंधार पडायच्या आत घरी या. रोही (नीलगायी) आणि रानडुकरं त्याच वेळी रस्त्यावर येतात. बाहेरून बसवलेल्या जास्तीच्या एलईडीनं तुम्हाला होतो तोच त्रास समोरच्याला होतो. आणि जुन्या हेल्मेटची काच उजेडासमोर धरून पाहा. तिच्यावर बारीक चरे असले तरी लाईट असाच फुटतो, काळी काच असेल तर रात्री ती नकोच. नुसती काच वेगळी मिळते, अख्खं हेल्मेट घ्यावं लागत नाही.